दुसरी सही

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि हँगरमधून हात पुसत थेट इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी बजावलंय, चांगलंच बोला. प्रयत्न करतो.

सत्कारमूर्तींना हँगरमध्ये सगळे ‘बॅटरी’ म्हणतात. वहिनी, हे कदाचित तुमच्या कानावर आलं नसेल. खिशात कायम एक छोटी बॅटरी. कुणी म्हणालं, नट घट्ट केलाय, की हे वाकून उजेड मारणार.

आमच्या कामाची पद्धत अशी आहे, की एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं. मग खाली दोघांच्या सह्या. सव्वीस वर्षं त्यांच्या सहीखाली माझी सही होती आणि माझ्या सहीखाली त्यांची. एकदा मी बसवलेला पाइप त्यांनी तीनदा उघडायला लावला.

मी म्हणालो, “तू माझा सासरा आहेस का रे?”

ते म्हणाले, “सासऱ्याला गोड बोलून गप्प करता येतं. हवेत गेलेल्या इंजिनाला करून दाखव.”

मला राग आला का? नाही. त्या रात्रीच्या प्रवाशांइतकाच मीही निश्चिंत झोपलो.

चार वर्षांपूर्वी कंपनीने लांब पल्ल्याची बारा मोठी विमानं मागवली. विमान एकच, पण त्याला इंजिनं देणाऱ्या कंपन्या दोन. निवड आपण करायची. एकीचं इंजिन जड, इंधन थोडं जास्त खाणारं. दुसरीचं हलकं, काटकसरी. फक्त गरम, धुळीच्या हवेत त्याची आतली पाती किती टिकतील, एवढीच शंका होती. त्यावर अहवाल करायचं ठरलं. लिहिणार ते, तपासणार मी.

आपली विमानं अकरा विमानतळांवर उतरतात. कोष्टकात अकरा ओळी हव्या होत्या. आठच होत्या. गाळलेले तिन्ही विमानतळ सगळ्यांत तापणारे, सगळ्यांत धुळीचे. ते वगळले की हलकं इंजिन सरस ठरतं.

मग तुम्ही काय करत होतात? तुमच्या मनात आलेला प्रश्न रास्त आहे. मी फाइल उघडली होती. चष्माही लावला होता. त्यांनी पानावर हात ठेवला आणि म्हणाले, “बावीस वर्षं झाली रे. मला अजून तपासणार?”

मला लाज वाटली. चष्मा काढला आणि सही केली. अकरा ओळी मोजायला किती वेळ लागतो?

बारांपैकी सात विमानं आली. त्यांतली चार आज मागच्या मैदानात उभी आहेत. पात्यांना तडे गेले, इंजिनं दुरुस्तीला गेली, बदली इंजिनांसाठी रांग आहे. विमानाचा तोल जाऊ नये म्हणून पंखांखाली इंजिनांच्या जागी वजनं टांगली आहेत. उरलेल्या पाचांची डिलिव्हरी आपणच थांबवली आहे आणि त्या अहवालाची चौकशी लावली आहे. मागच्या रांगांमधली मुलं ही सगळी त्या विमानांसाठी शिकून तयार झालेली. सध्या ती त्यांच्यावर प्लास्टिक बांधतात.

सत्कारमूर्ती सोमवारपासून त्याच इंजिन कंपनीत सल्लागार म्हणून रुजू होत आहेत. मघाशी हे जाहीर झालं तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला ही बातमी गेल्या आठवड्यात त्या कंपनीच्या माणसाने दिली. भला माणूस. माझा हात हातात घेऊन म्हणाला, “चार वर्षं वाट पाहिली आम्ही तुमच्या मित्राची.”

परवा कँटीनमध्ये सत्कारमूर्तींनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा आणला. म्हणाले, “चौकशीत सांग, तू ओळी मोजल्या होत्यास. दोघांच्या नजरेतून सुटलं तर ती चूक ठरते.”

“आणि एकट्याच्या?”

“तुझी दोनच वर्षं राहिलीत. कशाला वाकड्यात शिरतोस?”

चहा त्यांनी माझ्या आवडीचा, कमी साखरेचा आणला होता. एवढं त्यांच्या लक्षात होतं.

आज सकाळी मी चौकशी समितीला लेखी दिलं, की मी ओळी मोजल्या नाहीत. न पाहता सही केली. अशी सही करणाऱ्याचं लायसन्स ठेवत नाहीत, ठेवूही नये. दुपारी माझं जमा करून घेतलं. तेव्हा मुलांनो, पत्रिकेवर निरोप एकाचाच छापला असला, तरी तो दोघांचा आहे. उद्यापासून माझ्या कपाटाची किल्ली फोरमनकडे असेल.

वहिनी, तुमच्या घरी मी किती वेळा जेवलो त्याची गणती नाही. आज तुमच्यासमोर हे बोलावं लागलं. दुसरीकडे कुठे बोललो असतो तर ते पाठीमागे बोलणं झालं असतं.

अध्यक्षांनी मध्येच थांबवलं नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. सहीत झालं ते घालू नका.