कट्टा खाली ठेव

दीपमाला : ठेव तो कट्टा खाली. कुलदीप, आधी खाली ठेव म्हणते ना मी!

कुलदीप : ओरडून काऊन राह्यली ताई? मांडवात पाहुणे बसले हायेत. हे पह्य, ठेवला.

दीपमाला : उद्याच्या पंगतीचा तांदूळ हाये तो. कोठीचं दार लावून, छातीशी धरून काय करून राह्यला तू?

कुलदीप : प्रॅक्टिस. उद्या छकुलीले उचलून मांडवात न्याचं हाये ना मले. कट्टा पन्नास किलोचा हाये. तुही पोरगी त्याच्यापेक्षा कमीच भरन, डायटिंगवाली.

दीपमाला : हसू नको. तुले डॉक्टरनं पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हटलं हाये.

कुलदीप : कोणं सांगतलं तुले?

दीपमाला : तुह्या बायकोनं. राखी रडून राह्यली होती मघाशी चुलीपाशी. खोकला आला तं बरगडी चिरली तुही, अन् मले सांगतलं गाडीवरून पडलो म्हणून! मीबी येडी, खरं धरून बसली. सदरा लांब दिसून राह्यला तं म्हटलं शिंप्यानं बिघडवला. शिंप्यानं काय बिघडवला, तुहा मणकाच दबला!

कुलदीप : थोडासा दबला. त्याची सुई लिहून देल्ली हाये डॉक्टरनं. लगन झालं की घेतो.

दीपमाला : लगन झालं की! वाळल्या पऱ्हाटीवानी हाडं झाले तुहे, कट्‌कन मोडणारे. पोरीसकट मांडवात पडला तं?

कुलदीप : नाही पडत. हाडं घट्ट होतीन आता. त्याचा इलाज केला म्या.

दीपमाला : काय इलाज?

कुलदीप : जाऊ दे ना.

दीपमाला : मी सांगू? तुह्या पॅन्टीले हळद लागली म्हणून धुवाले घेतली. खिशात हे पाकीट सापडलं. एक गोळी फोडेल नाही त्यातली. किडनीसाठी रोज सकाळी घ्याची ती हीच ना?

कुलदीप : ताई, ऐक तं खरी. त्या गोळीनंच हाडं पोकळ होतात, डॉक्टरच म्हणे. मंग म्या डोकं लावलं. लगनापुरती ती एकच बंद. बाकीच्या सार्‍या चालू हायेत.

दीपमाला : कधीपासून?

कुलदीप : पत्रिका वाटाले निघालो तेव्हापासून.

दीपमाला : देवा रे! म्हणून तू पंगतीत बसत नाही. सकाळी मोरीत ओकून राह्यला होता तं मी म्हटलं, ऊन लागलं असन. अबे, ती गोळी बंद केली तं तुहं आंग माह्या किडनीले परकं समजते! ऑपरेशनच्या वेळी दोघायले बसवून समजावलं होतं त्यायनं. इसरला का तू?

कुलदीप : नाही इसरलो. तुही किडनी हाये, तेच तं! काल नवरदेवाकडचा एक म्हातारा म्हणे, 'हेच का बहिणीच्या किडनीवरचे मामा? यायच्यानं उचलन का नवरी?' सारे हसले. मीबी हसलो त्यायच्यासंग. मंग डोळ्याले डोळा नाही लागला. माह्यासाठी तू पोट चिरून घेतलं, अन् माह्यानं तुह्या पोरीले घरातून मांडवापर्यंत नेणं होत नाही? लाज वाटते मले ताई. लय लाज वाटते.

दीपमाला : रडू नको. तू जगावं म्हणून पोट चिरलं म्या. मांडवात मिरवावं म्हणून नाही चिरलं. आता ऐक. तुले विचारायच्या आधीच म्या डॉक्टरले फोन लावला. म्हणे, गोळी आत्ताच द्या अन् तसेच अकोल्याले घेऊन या. रक्त तपासतीन. भरतीबी करतीन म्हणे.

कुलदीप : आज? हळदीच्या दिवशी? अन् उद्या तिचा सख्खा मामा मांडवात नसन? नाही. अख्ख्या पिंपळगावात तोंड दाखवता नाही येणार मले. उद्या दुपारी लगन लागलं की मीच जातो, तुही शपथ.

(दार ढकलून छकुली आत येते. तोंडाला, हातांना ओली हळद.)

छकुली : मी सगळं ऐकलं, आई. बाबांना गाडी काढायला सांगितली.

कुलदीप : तू काऊन आली इकडे? जाय बाहेर. बायका खोळंबल्या असतीन.

छकुली : खोळंबू द्या.

कुलदीप : अन् उद्या तुले मांडवात कोण आणन? तो तुहा चुलत मामा रंगराव? त्याले तं तुहं शिक्षण किती झालं तेबी माहीत नाही.

छकुली : कोणीच नाही आणणार. मी चालत येईन. तुम्ही परत आलेले असले तर माझ्यासंग चाला, मामा.

कुलदीप : लोक हसतीन छकुले.

छकुली : त्या म्हाताऱ्याला तर तसंही हसायचंच आहे.

कुलदीप : बेटा, उद्यापर्यंतच म्हणून राह्यलो मी. एका दिवसानं काय होते?

छकुली : अन् झालं तर? आईजवळ आता एकच किडनी आहे, मामा.

दीपमाला : हे घे पाकीट. फोड गोळी.

कुलदीप : पाणी दे, छकुले.