उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

प्रिंटच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक आर्किटेक्ट बाई आणि तिचा धाकटा भाऊ लॅपटॉप उघडून उभे होते.

"ताई, ते महागडं सॉफ्टवेअरच घेऊ. त्यातल्या चित्रात काकूंची खोली बघ कशी उजळलीय."

"आणि या फुकटच्यात?"

"अंधारी. दुपारी काकूंना हे चित्र दाखवलं तर त्यांच्या घराचं काम हातचं जाईल."

"खोली तीच, फर्निचर तेच. मग हे ऊन कुठून आणलंस?"

"मोठ्या खिडकीतून."

"ती उत्तरेला आहे, शहाण्या."

"सूर्य जरासा फिरवला. चित्रात सगळेच फिरवतात."

"काकू तिथे खुर्ची टाकून ऊन खात बसणार आहेत. घर बांधून झाल्यावर काय सांगशील, सूर्य वाटेत आहे?"

"म्हणजे फुकटचंच बरोबर?"

"त्याने आपली चूक दाखवली. अजून काय हवं?"

"पण अंधारी खोली दाखवायची?"

"छे. खिडकी दक्षिणेच्या भिंतीत घे आणि यातच पुन्हा चित्र काढ."

"आत्ता? इथे?"

"बाक रिकामा आहे की."

मग ताई माझ्याकडे वळली. "तुम्ही व्हा पुढे. आमची खिडकी हलतेय."