भाचीचा आरएनए आणि मामाची बाटली

...आणि वर मलाच विचारते, "मामा, बाटली भरलीस का?" अहो, जेवणाच्या टेबलावर! पाहुणे बसलेत, आमची ही वाढतेय, आणि माझी सख्खी भाची लघवीची बाटली मागतेय, मीठ मागावं तशी! उपकार आहेत तिचे, मी नाही कुठे म्हणतोय? पण वेळकाळ काही आहे की नाही?

तुम्हाला सांगतो, मी रंगारी माणूस, लोकांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला. भाची प्रयोगशाळेत, कॅन्सरवर... तोही नेमका मूत्राशयाचा! एकदा जेवायला आली, मी आपलं सहज विचारलं, "काय गं, दिवसभर करतेस काय?" झालं! "मामा, पेशीत आरएनए असतो, त्यावरून प्रोटीन बनतं. पण काही आरएनए असे, की त्यांच्यापासून प्रोटीन बनतच नाही. नॉन-कोडिंग. आधी वाटायचं, हा कचराच. तर त्यातलेच काही गाठीला म्हणतात, वाढ! पसर!"

मी म्हटलं, "म्हणजे आमचा मुकादम! स्वतः ब्रश धरत नाही, पण त्याच्या ओरडण्याशिवाय काम हलत नाही." सगळे हसले. मला चेव चढला. "माझ्यातही असेल एखादा! परवा लघवी लाल झाली... बिटाची करामत, दुसरं काय!"

कुणी हसलंच नाही हो. भाचीचा घास हातातच राहिला. "मामा, बीट कधी खाल्लंस?"

आता आली का पंचाईत! बीट मी तोंडाला लावत नाही!

"दुखलं का?"

"छे!"

"न दुखता रक्त? उद्या सकाळी दवाखान्यात."

सकाळी मी गुपचूप कामावर सटकलो, शिडीवर चढलो, छताला पहिला हात मारतोय तर खालून आवाज, "मामा, उतरतोस की शिडी हलवू?" ज्यांचं छत तेच शिडी धरून उभे, तिच्या बाजूने! उपकार आहेत तिचे, मी नाही कुठे म्हणतोय?

मग दुर्बीण. कुठून घालतात विचारू नका... विचारूच नका! डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, पण अजून वरवरची. स्नायूत शिरली असती, तर मूत्राशयच काढावं लागलं असतं." बाहेर बाकावर आमची ही रडतेय, भाची तिचा हात घट्ट धरून बसलीय... तुम्हाला सांगतो, तेव्हा मला एकही विनोद सुचला नाही.

गाठ काढली, माझी सही घेऊन तिचा तुकडा भाचीच्या प्रयोगशाळेत गेला, मी ठणठणीत! पण पुन्हा उगवते म्हणे, म्हणून दुर्बीण काही सुटत नाही. भाची म्हणते, "तो आरएनए लघवीतच पकडता आला, तर दुर्बीण कमी वेळा घालावी लागेल."

"कधी?"

"वर्षं लागतील, मामा."

"मग बोलत काय बसलीस? घे बाटली, पळ!"

परवा तिचं मोठ्या सभागृहात भाषण. पडद्यावर ही एवढी गाठ... माझी! भाची सांगतेय, "या गाठीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, त्यांच्यातला तो आरएनए बंद केला, आणि पेशींची वाढ मंदावली." टाळ्यांचा कडकडाट! ऊर भरून आला, मी नमस्कार करायला उठतोय, तर शेजारून आमच्या हिने सदरा ओढला, "अहो, बसा! रुग्णाचं नाव गुप्त असतं!"

आता काय करता? बसलो... आणि सगळ्यांबरोबर माझ्याच गाठीला टाळ्या वाजवल्या.