दुसऱ्या वाटीखाली

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगावरचा हात काढा, बुवा. अभंग म्हणू, गजर करू, सगळं करू. पण आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर येत असेल तर सांगा, मी आत्ता गळ्यातला हार काढून तुमच्या गळ्यात घालतो.

देवानं या देहाला दारं किती ठेवली! डोळ्यांची दोन, कानांची दोन, नाकाची दोन. तोंड तर असं दिलं की काही केल्या मिटत नाही — बायकांकडं बघून हसू नका, पारावर दिवसभर कोण बसतं ते मला माहीत आहे! एवढी दारं ठेवणाऱ्यानं आईच्या पोटाला मात्र एक झरोका ठेवला नाही. आत नऊ महिने लेकरू वाढतं. लाथा मारतं, उचक्या देतं. पण आत कोण आहे ते दिसत नाही. का? विसरला का देव? घाईत होता?

करा विचार. तोवर मी गोष्ट सांगतो. आजचं कीर्तन यजमानांनी नातू झाला म्हणून ठेवलंय, फार चांगलं केलं, लेकरू शंभर वर्षं जगो. यजमान, पुढं सरकून बसा. ही गोष्ट तुमची नाही. पण ऐकायला तुम्ही हवेत.

इथून दोन तालुके पलीकडं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ते गावच तसलं! म्हणजे तुम्ही सुटलात. गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, त्या दुकानाचं घर. घरात सासू इंदुमतीबाई. देवभोळी बाई. चतुर्थी सोडायची नाही, एकादशी मोडायची नाही, मुंगीच्या वारुळाला साखर घालायची. मुलगा संग्राम, दुकान सांभाळणारा. सून हेमांगी. आणि हेमांगीची पहिली लेक तन्वी, शाळेत जायला लागलेली.

तन्वीनंतर हेमांगीला दोनदा दिवस गेले. दोनदा घरातून एक गाडी बाहेर पडली, जिल्ह्याबाहेर गेली. तिथं रस्त्याकडेला दुसरी गाडी उभी. काळ्या काचांची. आत यंत्र, यंत्राजवळ एक शिकलेला माणूस. त्यानं तोंड उघडायचं नाही, नुसती मान हलवायची. दोन्ही वेळा मान आडवी हलली. आणि पुढच्या आठवड्यात घरी सांगितलं गेलं — राहिलं नाही. पडलं.

पडलं! आंबा पडतो, मंडळी. भिंत पडते. हे पडलं नव्हतं.

...ऐकताय ना? नाही, एकदम शांत झालात म्हणून विचारलं. कोण तरी खोकलं तिकडं. असू दे. पुढं ऐका.

तिसऱ्यांदा दिवस गेले. पुन्हा गाडी. हेमांगी गेली का? गेली नाही, नेली. या वेळी मान उभी हलली. घरी आल्यावर इंदुमतीबाईंनी सुनेची दृष्ट काढली, उशीजवळ सुरी ठेवली, पाण्याचा तांब्या तिला उचलू देईनात. ज्या हातानं दोनदा गाडीत बसवलं, त्याच हातानं बदामाचा शिरा भरवू लागल्या. हेमांगी खात होती. बोलून कुणाला सांगणार? माहेरी फक्त भाऊ, हातावर पोट असलेला.

सातवा लागला. डोहाळजेवण ठरलं, आणि नणंद पुण्याहून आली. प्रणिता तिचं नाव. तिनं नवीन टूम आणली — मोठा फुगा! आत रंगाची पूड भरायची, सगळ्यांसमोर टाचणी लावायची. निळी उडाली तर मुलगा, गुलाबी उडाली तर मुलगी.

मला सांगा, निळा मुलाचा आणि गुलाबी मुलीचा हे कुठल्या पोथीत लिहिलंय? परवा तुमचे सरपंच निवडून आले तेव्हा गुलालानं डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाबी झाले होते. तेव्हा कुणी म्हणालं का, अभिनंदन, मुलगी झाली? हसा, सरपंच, हसा. तुम्हाला शोभून दिसत होता तो रंग.

बरं, फुगेवाल्यानं फोनवर विचारलं, ताई, पूड कुठली भरू? ताई म्हणाल्या, निळी. त्यानं भरली. मंडळी, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. दवाखान्याच्या भिंतीभिंतीवर पाटी आहे, पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी हे आधी पाहणं गुन्हा आहे. मग फुग्यात निळी पूड कुणाच्या माहितीवर भरली? फुगेवाल्यानं ते विचारलं नाही. त्याचा धंदा आहे, सोडा. पण पुढं फुगा फुटला तेव्हा तिथं निवृत्त हेडमास्तर होते, वकील होते, पतपेढीचे चेअरमन होते. एकानं तरी विचारावं? एवढे जाणते लोक! त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मी पुढं गेलो. मागं येतो.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी हेमांगीनं नवऱ्याकडं एक मागणं मागितलं. एकच. म्हणाली, ओटी भरा, हिरवी साडी नेसवा, फुलांचे दागिने घाला, चंद्रावर बसवा, नावेत बसवा, हातात धनुष्यबाण द्या, सगळं करून घेईन. फक्त वाट्यांचा खेळ मांडू नका.

बायांना वाट्यांचा खेळ सांगायला नको. गड्यांसाठी सांगतो, तुम्ही त्या वेळी बाहेर पंगतीची वाट बघत असता. दोन वाट्या पालथ्या घालायच्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. उचलली ती उचलली, दुसरीला हात लावायचा नाही. ती तशीच आत न्यायची. खेळ आहे, हसायचं आणि सोडून द्यायचं.

आता त्या हलवायाला विचारा. एक म्हैस, एक दूध, एक कढई, एक खवा! हातावर गोल वळला की पेढा झाला, ताटात थापून कापला की बर्फी झाली. म्हशीला कुणी येऊन सांगतं का, बाई, आज बर्फीचं दूध दिलंस, आज तुला पेंड नाही?

पण हेमांगीला तो खेळ का नको होता? तन्वीच्या वेळी तिनं वाटी उचलली होती आणि बर्फी निघाली होती. सगळ्या बाया हसल्या. इंदुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती बर्फी ताटातून उचलली आणि खरकट्याच्या बादलीत टाकली. नवव्या महिन्यात लेक झाली, आणि त्या दिवसापासून हेमांगीच्या डोळ्यांसमोर ती बादली होती. म्हणून म्हणाली, तेवढा खेळ नको. संग्राम म्हणाला, नाही मांडणार, शब्द देतो.

दिला बरं का शब्द! हेमांगी त्या शब्दावर सजली. नवं कार्यालय, कापडी फुलांची कमान, स्टेजवर झोपाळा. ओटी भरली. उखाणे झाले. संग्रामनं घेतलेल्या उखाण्यात बाळाला आधीच बाळराजे म्हणून झालं. आणि मग इंदुमतीबाईंनी आतून ताट मागवलं. ताटात दोन चांदीच्या वाट्या. पालथ्या.

हेमांगीनं नवऱ्याकडं पाहिलं. संग्राम समोरच होता, पण तोंडापुढं मोबाइल धरून. व्हिडिओ घेत होता. त्यानं मोबाइलच्या आडूनच तिला खूण केली — उचल, उचल, सगळे थांबलेत.

तिनं वाटी उचलली. पेढा!

फाट्कन फुगा फुटला. निळी पूड छतापर्यंत गेली. टाळ्या, शिट्ट्या, स्पीकरवर गाणं. तन्वी जवळच उभी होती, तिचं तोंड, केस, नवा परकर सगळं निळं झालं. हेडमास्तर चेअरमनांना पेढा भरवतायत, चेअरमन वकिलांना भरवतायत. आणि त्या गोंधळात हेमांगीनं हात पुढं केला आणि दुसरी वाटी उचलली. जिला हात लावायचा नसतो ती.

तिच्याखालीही पेढा.

गाणं कुणीतरी बंद केलं. हेमांगीनं दोन्ही पेढे हातात घेतले, सासूकडं पाहिलं आणि विचारलं,

"आई, बर्फी कुठंय?"

इंदुमतीबाई सावरून घेत म्हणाल्या, "आणलीच नाही गं. एवढ्या चांगल्या दिवशी कशाला?"

"आज आणली नाहीत. मागं दोनदा होती. ती कुठं ठेवलीत?"

मंडळी, त्या कार्यालयात तीनशे माणसं होती आणि तीनशेच्या तीनशे माणसांना प्रश्न कळला. कळला नाही असा एकही नव्हता! मग काय झालं? कुणी उठलं? कुणी इंदुमतीबाईंना विचारलं, ही पोर काय बोलतेय? प्रणितानं फोटोवाल्याला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं. कुणीतरी म्हणालं, पोटुशी बाई, या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं. आणि मागून एक आवाज आला, पंगत बसवा, जिलेबी गार होतेय.

पंगत बसली, महाराज! बसली! वाढपी वाढत होते, माणसं जेवत होती. मठ्ठा मागून घेत होती.

हेमांगीनं फुलांचे दागिने काढून झोपाळ्यावर ठेवले. नळाखाली लेकीचं तोंड धुतलं. पूड काही पूर्ण निघाली नाही. भाऊ आला होता ओटीचं सामान घेऊन, त्याच्या टेम्पोत ती लेकीला घेऊन बसली. संग्राम गाडीपर्यंत आला, म्हणाला, तमाशा करू नको. आणि इंदुमतीबाई काय म्हणाल्या? जेवून जा म्हणाल्या? चुकलं म्हणाल्या? त्या टेम्पोला हात लावून म्हणाल्या,

"जायचं तर जा. पण माझा नातू घेऊन चाललीयस, तेवढं ध्यानात ठेव."

माहेरी गेल्यावर हेमांगीनं पोलिसांत जबाब दिला. काळ्या काचांची गाडी, उभी हलणारी मान, आडवी हलणारी मान, सगळं सांगितलं. गाडी सापडली नाही. फिरत असेल आज कुठंतरी. तुमच्या गावाच्या फाट्यावरून गेली तरी तुम्हाला कळायचं नाही, आणि ज्यांना कळेल ते सांगायचे नाहीत.

दिवस भरले. सरकारी दवाखान्यात हेमांगी बाळंत झाली. लेकरू ठणठणीत, रडणं असं की व्हरांड्यातलं कुत्रं उठून गेलं. भावानं रीत म्हणून सासरी फोन लावला. मुलगी झाली म्हणाला.

हो. मुलगी!

इंदुमतीबाई म्हणाल्या, नीट बघा. भाऊ म्हणाला, बघितलं. त्या म्हणाल्या, नर्सला फोन द्या. नर्सनं सांगितलं, मावशी, मुलगीच आहे, गोड आहे. तरी त्यांना पटेना. मान उभी हलली होती, असं कसं होईल? यंत्र चुकलं? यंत्र चुकतं का?

आणि मग, मंडळी, फोन हातात तसाच धरून त्या बाईच्या मनात दुसरा विचार आला. या वेळी चुकलं... तर मागच्या दोन वेळी बरोबर होतं कशावरून? मान आडवी हलली तेव्हा आत कोण होतं?

बसली ती बाई उंबऱ्यावर. आणि तिनं हंबरडा फोडला. छाती बडवून घेतली, कपाळ चौकटीवर आपटलं. गल्ली गोळा झाली. दोन वेळा घरातून लेकरू गेलं तेव्हा जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, त्याच संध्याकाळी जिनं मुंग्यांना साखर घातली, ती बाई आज गडबडा लोळत ओरडत होती — माझे नातू असतील गं ते! माझे दोन नातू मी माझ्या हातानं —

थांबा.

थांबा, बुवा, मृदंग नको.

हे "अरेरे" कुणाचं?

आत्ता आलं ते. इकडून, गड्यांच्या बाजूनं पण आलं आणि तिकडून बायांच्या बाजूनं पण आलं. लपवू नका, मी उभा आहे, तुम्ही बसलेले आहात, मला सगळं दिसतं. पुढच्या रांगेत एकानं उपरण्याची कड डोळ्याला लावली, तेही दिसलं.

मघाशी मी सांगितलं होतं, दोन लेकरं गेली. दोन मुली. तेव्हा काय आलं होतं या मंडपातून? एक खोकला! आठवा. मीच विचारलं होतं, ऐकताय ना म्हणून. तीच दोन लेकरं, तीच गाडी, तोच आठवडा. काहीच बदललं नाही. ते मुलगे असतील एवढं फक्त मी म्हणालो — आणि तुमचं काळीज फुटलं.

मग इंदुमतीबाई कोण? दोन तालुके पलीकडची का?

संग्राम दवाखान्यात गेला होता म्हणे, बर्फीचा बॉक्स घेऊन. हेमांगीनं बॉक्स नर्सकडं दिला, सगळ्या वॉर्डात वाटायला सांगितला. त्याला आत बोलावलं नाही. आता दोन लेकी आणि ती भावाच्या दोन खोल्यांत राहते, शिवणकाम करते. पलीकडच्या गावात तिलाच हट्टी म्हणतात.

आता माझा प्रश्न. देवानं आईच्या पोटाला झरोका का ठेवला नाही? तो विसरला नव्हता. घाईतही नव्हता. लेकराला निदान नऊ महिने तरी आपली नजर लागू नये, एवढीच त्याची धडपड होती. तुमचं आत्ताचं "अरेरे" त्याला तेव्हाच ऐकू आलं होतं.

यजमान, प्रसादाला पेढे आणलेत, वाटा. नातू झालाय, आनंदच आहे. फक्त पुढच्या खेपेला नात झाली की मला असंच बोलवा. मी भाड्याचा एक रुपया न घेता येईन. बोलवाल?

मान हलवू नका, यजमान. तोंडानं सांगा.