पायलच्या कानातलं पाणी

बसा की ताई, बसा, पिशवी उचलते मी. न्हाई न्हाई, आता नंबर आमचाच — ती काय, आपरेशनच्या काचंच्या दारापाशी, हिरवा झगा घातलेली, आईच्या कडंवर — ती आमची पायल. सहा वर्साची घोडी झाली तरी कडंवर! पर आज कोण बोलणार? ती आई म्हंजी माझी सून, सारिका. मी सरुबाई, पोरीची आजी. औंढ्याच्या आमी, हितनं काय लांब न्हाई, पर सकाळधरनं अशी घाई, अशी घाई, की एक चप्पल माझी आन् एक सुनंची घालून आलीय — बघा पायात. हसा, हसा. मला तर हसाय पण येत न्हाई.

झालंय काय म्हणता? कानात पाणी. आंघोळीचं न्हाई वो, पडद्याच्या आतल्या अंगाला. सर्दीनं साठलंय म्हणं, चिकाट, डिंकावानी. दुखत न्हाई, वाहत न्हाई, मग कळणार कसं? आमाला वाटायचं पोरगीच हेंदरी. सारखी पडायची. सपाट अंगणात पडायची! खाचराच्या बांधावरनं सगळी पोरं पळत जायची, ही आपली हात पसरून, पाय फाकून — आन् धपकन् चिखलात. मी पण हसायची. कधी खेकसायची — खाली बघून चाल की गं, डोळे गावाला गेल्यात का! नजर काढली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. लसणीचं तेल कोमट करून कानात घालणार, तर सारिकानं हात धरला माझा. सासूचा हात! डॉक्टरला इचारल्याबिगर कानात काई घालायचं न्हाई म्हणली. मी बोलणंच टाकलं तिच्याशी.

मग हितल्या डॉक्टरीणबाईंनी काय केलं — पोरीला मऊ गादीच्या तुकड्यावर उभी केली आन् म्हणल्या, डोळे मिट. मिटले, आन् अशी तिरपी झाली, अशी, वाळवीनं खाल्लेल्या खांबासारखी, सरळ बाईंच्या अंगावर. डोळे उघडे असले की कशीबशी सावरायची, मिटले की संपलं. तवा बाई म्हणल्या, आजी, तोल कानात असतो. आता हे कुणाला ठावं? मला वाटायचं तोल पायात असतो! तोलाची जागा तितंच आत, शेजारी, आन् हितं हे पाणी दाबून बसलेलं. पडद्याला बारीक चीर द्यायची, पाणी ओढून घ्यायचं आन् एवढुशी नळी बसवायची — वारा खेळता ऱ्हातो म्हणं, मग पाणी साठत न्हाई, आन् नळी पुढं आपली आपण पडून जाती. पोरगी नीट चालंल का म्हणलं, तर म्हणल्या, बऱ्याच पोरांचा तोल सुधारतो, बघू. बघू! बघू काय? पोर आमची, आन् ह्या म्हणत्यात बघू.

मी नकोच म्हणत होते. कान टोचायचा तर सोनारानं टोचलाय की — भूल न्हाई बिल न्हाई, रडली जरा, गुळाचा खडा दिला, गप झाली. आन् हे पडद्याला चीर देणार, ते पण पोर झोपवून? लय भांडणं झाली घरात. माझा ल्योक, अमृत, आधी माझ्याच बाजूनं होता. सारिकानं दोघांना गप केलं. म्हणली, आई, पोर वर्गात बाईंच्या तोंडाकडं बघत बसती, तिला ऐकू येत न्हाई, ती पडती, आन् तुमी हसता. लागलं मला ते. अजून लागतंय.

काय? न्हाई वो, काई दिलं न्हाई खायला. रात्रीपासनं बंद, सिस्टरनं बजावलंय तसं. आत्ता पण इचारलं तिनं, सारिकानं न्हाई म्हणून सांगितलं. खरंच बोलली ती. तिला काय ठावं — म्हंजी दिलं न्हाईच, फकस्त देवाचं. सकाळी सारिका आंघोळीला गेलती, तवा मी पोरीला भैरोबाच्या देवळात नेली, आंगारा लावायला. देवाला न सांगता कसं यायचं हितं? गुरवानं प्रसाद दिला. आता प्रसादाला न्हाई म्हणतं का कुणी? कडक उपास असला तरी प्रसाद घेतोच की आपण — मोडतो का उपास? ते काय खाणं असतंय? कण घेतला पोरीनं. — कशाचा म्हंजी? दहीभाताचा. निवदाचा. कण म्हंजी घासभर. भुकेजलेली वो ती, रात्री पण नीट जेवली न्हवती, बोटं चाटाय लागली, माझं आतडं तुटलं. म्हणलं खा बाई, देवाचं हाय, बाधणार न्हाई. सगळा द्रोण संपवला. वर तांब्यातलं पाणी प्याली. मग हसली माझ्याकडं बघून, आन् मला लय बरं वाटलं.

असं काय बघताय? — तुमच्या पोराला मागल्या खेपंला परत पाठवलं? कशानं? बिस्कुटानं? एका बिस्कुटानं! न्हाई, पर का? भूल दिल्यावर पोटातलं वर येतं — येऊ दे की, ओकंल, पुसू आपण — काय? श्वासात जातं? छातीत उतरतं? आन् झोपलेल्या पोराला खोकता सुदीक येत न्हाई? अगं बाई. अगं बाई गं.

हळू बोला, सारिका ऐकंल. सांगते ना, सांगते मी. पर कशी सांगू, तुमीच सांगा! ती म्हणणार, म्हातारीनं मुद्दाम केलं, आपरेशन मोडायला भरवलं. कोण म्हणंल न्हाई? एवढी भांडले मी, कोण इश्वास ठेवंल? — आन् खरं सांगू का ताई, कुणाला बोलू नका. देवळात मी पोरीला बरं कर असं मागितलंच न्हाई. आजचं टळू दे म्हणलं. काय पण करून टळू दे देवा, मला भ्या वाटतंय. आन् लगीच हातात घास दिला तिच्या. मुद्दाम न्हाई वो! शपथ घेते. पर आता माझं मलाच कळंना झालंय, मुद्दाम न्हाई म्हणायला माझीच जीभ अडतीय. टळंल आता. टळंल, आन् सारिका जन्मात पोर माझ्या हाती देणार न्हाई. दळायला टाकलेल्या दाण्यासारखा जीव झालाय बघा — थांबा जरा, मिनिटभर थांबा, इचार करू द्या —

आं? कुटं गेली? दारात होती की आत्ता! सारिका एकटीच उभी — घेतली आत? घेतली आत पोरीला! सरका ताई, सरका म्हणते ना! सिस्टर! वो सिस्टर, थांबा, सुई टोचू नका तिला! पोटात भात हाय तिच्या! — तू न्हाई गं सारिका, तू खरंच बोललीस — म्या भरवला, म्या! जन्मभर नको देऊ माझ्याकडं पोर, पर आधी दार वाजव! वाजव की गं!