विसावा लुडोल्फ आणि गार सूप

...नाही, पण मला सांगा, एका घरात एवढे लुडोल्फ हवेत कशाला? फाल्केनरोडे घराण्यात मुलगा झाला की लुडोल्फ, आणि पाठीवर जन्माच्या क्रमाने आकडा! माझा नवरा सत्तावीस, सासरे तेवीस, चुलतसासरे चोवीस. जेवताना कसं चालतं ऐका, “तेवीस, मीठ सरकव रे!” “चोवीस, तुझा हात नाही का पोचत?” राज्य जाऊन शंभर वर्षं झाली, छपरातून पाणी गळतं, पण आकडा काही गळत नाही!

आणि तुम्हाला सांगते, नव्या सुनेने पहिल्या रविवारी उभं राहून अख्खी वंशावळ म्हणायची, मगच कुणी चमचा उचलायचा. मी पडले खालच्या गावातल्या पाववाल्याची मुलगी. चुकले तर घराण्याच्या पुस्तकात माझं नाव चढणार नाही, वर नवऱ्याचंही खोडणार! पुस्तक कुणाकडे? सासऱ्यांच्या आत्याकडे. आडेलगुंडेआत्या, वय एक्क्याण्णव, नजर ससाण्याची.

मी उभी राहिले. समोर शतावरीचं सूप, वाफ निघतेय. पहिला लुडोल्फ, ज्याने पूल बांधला... सातवा, ज्याने तो गहाण टाकला... बारावा, जो घोड्यावरून पडला... तेरावा, जो त्याच घोड्यावरून पडला... आणि सूप गार होतंय! चोवीसकाका पुटपुटले, “आमच्या वेळच्या सुना भरभर म्हणायच्या हो!” सासूबाई दबक्या आवाजात, “लक्ष देऊ नकोस गं, त्यांना भूक लागलीय.” देव त्या माउलीचं भलं करो!

एकोणिसावा झाला. विसावा... मला पाठ करायला दिलेल्या छापील कागदात विसावा म्हणजे घड्याळं जमवणारा. पाठ होता हो! पण गावात माझ्या माहेरच्या थडग्यांशेजारी आणखी एका थडग्याचा दगड आहे. दर रविवारी आजीबरोबर फुलं वाहताना बाजूचा तो दगड वाचतच मी अक्षरं शिकले. घाबरल्यावर माणूस पाठ केलेलं म्हणतो की लहानपणचं? माझ्या तोंडून त्या दगडावरचंच निघालं, “विसावा लुडोल्फ, मार्टाचा नवरा.”

संपलं! सत्तावीसने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, चला, उद्यापासून दोघं मिळून पाव भाजू... आणि सूप गार होतंय!

आत्या म्हणाल्या, “पुन्हा म्हण.”

“चुकलं, आत्या, मी...”

“चुकलं का विचारलंय? पुन्हा म्हण!”

म्हटलं. आत्यांनी चष्मा काढला. “माझा सख्खा थोरला भाऊ तो. धोबिणीच्या मार्टाशी लग्न केलं म्हणून वडिलांनी त्याचा आकडा काढून घेतला, घड्याळवाल्यापासून मागच्या सगळ्यांना एकेक पायरी वर चढवलं. पुस्तकातलं नाव चाकूने खरवडायला लावलं, तेही माझ्याच हातून. दहा वर्षांची होते मी. या घरात त्यानंतर त्याचं नाव आज ऐकतेय.” मग शाईची दौत मागवली, खरवडलेल्या पातळ कागदावर भावाचं नाव लिहिलं आणि शेवटच्या पानावर माझं. तेही माझ्या बापाच्या आडनावासकट! शेजारची खुर्ची ओढून म्हणाल्या, “बस गं पोरी, गार झालं असेल तुझं.”

गार सूप इतकं गोड लागतं, मला ठाऊक नव्हतं. त्या दगडाचे, आजीचे, आत्यांचे उपकार कोणत्या जन्मी फेडू?

पण पुढे काय झालं? विसावा परत आला म्हणजे मागचे सगळे एकेक पायरी खाली! चोवीसकाका ओरडले, “साठ वर्षं चोवीस म्हणून जगलो, आता पंचवीस? माझ्या चमच्यांवर कोरलंय!” सकाळी मी लाडाने हाक मारली, “सत्तावीस, कॉफी झाली!” तर कालपर्यंत सव्वीस असलेला नवऱ्याचा चुलतभाऊ कप घेऊन हजर! माझा म्हणे आता अठ्ठावीस.

आणि आत्यांचा निरोप आलाय, “येत्या रविवारी पुन्हा उभी राहा. नव्या आकड्यांनी, पहिल्यापासून.”

...होऊ दे बाई सूप गार.