मीच सांगितलं तिच्या बाबांना

मी सुनंदा, मूळची साताऱ्याची. नवरा जहाजावर इंजिनिअर, म्हणून इथं सिंगापूरला, बिशान भागात राहायला आले. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसांतल्या आपल्या मराठी पोरांना डबे करून देते. मुलगी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा तिची खोली भाड्यानं दिली, आणि तिथं नर्गिस आली, इराणची, कॉलेजात शिकणारी.

काय सांगू तुला, पोळ्या शिकली गं माझ्याकडून, नुसते नकाशे लाटायची. मी विचारायची, आज कुठला देश? ती म्हणायची, इराण सोडून कुठलाही. मला मावशी म्हणायची.

त्या वर्षी तिकडं पोरी भर रस्त्यात उभ्या राहून डोक्यावरचा रुमाल काढत होत्या आणि पोलीस त्यांना उचलून नेत होते, धर्माचंच सरकार ना तिथं. हिची मैत्रीण त्यात होती. ही इथून खोट्या नावानं, उघड्या केसांचे फोटो टाकायची. मला म्हणाली, मावशी, घरी कळू देऊ नकोस, बाबा सरकारी नोकरीत आहेत. मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि सांगितलं. एका रविवारी बाबांचा फोन आला, मुलगी नीट जेवते का म्हणून, आणि मला वाटलं, परक्याची मुलगी, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. साताऱ्यात शेजारच्या काकूंनी माझं गुपित असंच घरी सांगितलं होतं, तेव्हा मी त्यांना किती शिव्या दिल्या होत्या, ते काही त्या वेळी आठवलं नाही. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, म्हटलं, तिला जरा समजवा. ते थँक यू म्हणाले. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते बघ.

आजी आजारी आहे म्हणून बोलावून घेतलं तिला. मी शंकरपाळी बांधून दिली. तिकडं बाबांनी पासपोर्ट काढून घेतला, शिक्षण संपलं. माझ्या मुलीला सांगितलं, तर इथल्या पोरांसारखं लाह लावून म्हणाली, आई, तुला कोणी विचारलं होतं लाह?

नर्गिस अजून मेसेज करते. एकदा विचारलं, मावशी, कोणी सांगितलं असेल? मी लिहिलं, ठाऊक नाही, जपून राहा. तिला त्या मैत्रिणीचा संशय आहे. आता तिच्याशी बोलत नाही ती.

देव तिला सुखात ठेवो असं म्हणायचं तोंड नाही मला, तरी रोज म्हणते. तू लिही हे, माझं नाव बदलू नकोस. तिला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच तर एवढं बोलले.